मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा घ्या. त्यात मुंबई आणि लंडन ही शहरे शोधून त्यांना जोडणारी सरळ रेषा पेन्सिलीने हलकेच काढा. नकाशा नेहमीच्या मर्केटर पद्धतीचा असेल, तर ही रेषा अरबी समुद्रावरून ओमानच्या आखाताकडे जाईल आणि पुढे इराणचा दक्षिण भाग, इराक, सीरिया, तुर्कस्तान, बाल्कन देश असे करीत लंडनला पोचेल. आता हीच दोन ठिकाणे पृथ्वीगोलावर शोधा. एक टोक मुंबईवर आणि दुसरे लंडनवर धरून त्यांच्यामध्ये दोरा घट्ट ताणा. दोरा या देशांवरून जातच नाही. तो कराचीच्या किंचित उत्तरेकडून इराणमध्ये शिरतो, कॅस्पियन समुद्र ओलांडतो, काळ्या समुद्राच्या उत्तर भागावरून युक्रेन आणि पोलंडमध्ये जातो आणि जर्मनीवरून लंडनला येतो. वाटेच्या मध्यावर तर या दोन मार्गांमध्ये नऊशे किलोमीटरहून अधिक अंतर पडते.

दोघांपैकी खरे कोण, असा प्रश्न मुले लगेच विचारतील. ताणलेला दोरा नेहमी सर्वांत जवळची वाट धरतो, त्यामुळे जवळचा मार्ग म्हणून दोऱ्याचेच खरे. नकाशावरची रेषा खोटी आहे असे मात्र नाही. तिचा अर्थ वेगळा आहे, आणि तो आपण पुढे पाहणार आहोत.

दोऱ्याचा आणखी एक उपयोग आहे. गोलावर मापनपट्टी छापलेली नसली तरी काही अडत नाही. मुंबई ते लंडन मापलेला दोरा तसाच उचला आणि विषुववृत्तावर ठेवा. तो सुमारे ६५ रेखांश व्यापतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,०३० किलोमीटर आणि तो ३६० अंशांत वाटलेला, म्हणून विषुववृत्तावरचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. ६५ ला १११ ने गुणले की ७,२१५ किलोमीटर येतात. दोऱ्याने मोजलेले हे अंतर खऱ्या अंतराच्या किती जवळचे आहे, हे थोड्या वेळाने गणितानेच तपासू.

मोठे वर्तुळ कमी वाकते

गोलावर सरळ रेषा काढता येत नाही. जी काही वाट काढू ती वाकडीच असणार. प्रश्न एवढाच, की सर्वांत कमी वाकलेली वाट कोणती? वर्तुळ जितके मोठे, तितकी त्याची वक्रता कमी. बांगडीचा लहानसा तुकडा चांगलाच वाकलेला दिसतो, तर बैलगाडीच्या चाकाच्या धावेचा तेवढाच तुकडा जवळजवळ सरळ भासतो. गोलावर काढता येणारे सर्वांत मोठे वर्तुळ म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते असे वर्तुळ. त्याला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, आणि समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळूनही एक बृहद्वृत्त होते. इतर अक्षवृत्ते मात्र बृहद्वृत्ते नाहीत, आणि मुलांचा गोंधळ नेमका इथेच होतो. दोन गावे एकाच अक्षवृत्तावर असली, तर त्या अक्षवृत्तावरून सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला गेले की झाले, असे त्यांना वाटते.

याचे ठळक उदाहरण आपल्याच मुंबईचे आहे. मुंबई सुमारे १९.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मेक्सिको शहर १९.४ अंशांवर. म्हणजे दोघे जवळजवळ एकाच अक्षवृत्तावरचे शेजारी. दोघांच्या रेखांशांत १७२ अंशांचा फरक आहे. अक्षवृत्ताला धरून गेले तर प्रवास सुमारे १८,००० किलोमीटरचा होतो. गोलावर दोरा ताणला तर तो थेट आर्क्टिक प्रदेशातून जातो आणि अंतर भरते सुमारे १५,६०० किलोमीटर. सव्वादोन हजारांहून अधिक किलोमीटरची बचत! मुले हे ऐकून विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये. दोरा त्यांच्या हातात द्यावा.

वर्गात पृथ्वीगोल नसेल तर मोसंब्यावरही भागते. देठाजवळ, देठाच्या दोन विरुद्ध बाजूंना एकेक टाचणी टोचा. देठाभोवती अर्धी फेरी मारून एका टाचणीपासून दुसरीकडे जाणे लांबचे, की देठावरून सरळ पलीकडे जाणे, हे पहिलीतले मूलही सांगेल. पृथ्वीवर ८० अंश उत्तर अक्षवृत्तावर समोरासमोर असलेल्या दोन ठिकाणांसाठी हे आकडे अनुक्रमे सुमारे ३,४७५ आणि २,२२४ किलोमीटर असे येतात.

मग मर्केटरने असा नकाशा काढलाच कशाला? त्याचे उत्तर त्याच्या काळात आहे. १५६९ साली जेरार्ड मर्केटरने हा नकाशा छापला तो खलाशांसाठी. खलाशाजवळ होकायंत्र होते. त्याला हवी होती अशी वाट, की जिच्यावर सुकाणू एकदा एका दिशेला धरले की प्रवास संपेपर्यंत दिशा बदलावी लागू नये. मर्केटरच्या नकाशावरची सरळ रेषा म्हणजे नेमकी अशी एकाच दिशेची वाट. ती सर्वांत जवळची नसली तरी सर्वांत सोपी होती. मुंबई-लंडनच्या बाबतीत ती सुमारे ७,४०० किलोमीटर भरते, म्हणजे जवळच्या वाटेपेक्षा दोनशे किलोमीटर जास्त. विमानाच्या दृष्टीने हा जेमतेम पाव तासाचा फरक. दोन शहरे जितकी उत्तरेकडे आणि पूर्व-पश्चिम जितकी दूर, तितका हा फरक वाढत जातो.

तोंड कोणत्या दिशेला?

जवळच्या वाटेला एक किंमत मोजावी लागते. तिच्यावर दिशा सतत बदलावी लागते. मुंबईहून निघताना बृहद्वृत्ताची दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे ४१ अंश, म्हणजे साधारण वायव्येला असते. पुढे ती हळूहळू पश्चिमेकडे वळते, आणि लंडनला पोचताना जवळजवळ थेट पश्चिमेला झालेली असते. परतीच्या प्रवासात तर मोठीच गंमत आहे. लंडनच्या माणसाला विचारले की मुंबई कोणत्या दिशेला, तर नकाशा आठवून तो आग्नेयेकडे बोट दाखवील. पण मुंबईची सर्वांत जवळची वाट लंडनमधून जवळजवळ सरळ पूर्वेला निघते. गोलावरच्या दोऱ्याचे लंडनकडचे टोक नीट पाहिले तर ते तिथल्या अक्षवृत्ताला समांतर दिसते.

दिशा बदलत राहणे ही वैमानिकाला केवळ भूमितीची कसरत नसते. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचे ००७ क्रमांकाचे विमान अलास्कातील अँकरेजहून सोलला जाताना ठरलेल्या मार्गावरून सुमारे पाचशे किलोमीटर भरकटले. सोव्हिएत हद्दीत शिरल्यावर ते पाडण्यात आले आणि त्यातील सर्व २६९ माणसे मृत्युमुखी पडली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९३ मध्ये दिलेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की विमान ठरलेल्या मार्गबिंदूंवरून वळत जाण्याऐवजी निघाल्यापासून चुंबकीय होकायंत्राची एकच दिशा धरून उडत राहिले, आणि ते वैमानिकांच्या लक्षात आले नाही. सुरुवातीला हा फरक काही किलोमीटरांचा होता. पाच तासांत तो जीवघेणा झाला. या घटनेनंतर त्याच महिन्यात अमेरिकेने जाहीर केले, की आपल्या लष्करासाठी उभारली जात असलेली उपग्रहांवरून स्थान सांगणारी यंत्रणा नागरी वापरालाही खुली केली जाईल. आज खिशातल्या फोनमध्ये असलेली जीपीएस ती हीच.

दोरा बाजूला ठेवून गणिताने

दहावीच्या पुढचे विद्यार्थी असतील तर त्यांच्याकडून हे अंतर गणिताने काढून घ्यावे. सूत्र दिसायला अवघड आहे, वापरायला नाही. दोन ठिकाणांमधले अंतर पृथ्वीच्या केंद्रापाशी जो कोन करते, त्याचा कोसाइन काढायचा. दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन अशा तिघांचा गुणाकार करा. दोन्ही गुणाकारांची बेरीज म्हणजे हवा तो कोसाइन.

मुंबईचा विमानतळ १९.१ अंश उत्तर, ७२.९ अंश पूर्व. लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.५ अंश उत्तर, ०.५ अंश पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची, वजाबाकी नव्हे. फरक ७३.४ अंश. पहिला गुणाकार ०.३२७२ × ०.७८२६ = ०.२५६१. दुसरा ०.९४४९ × ०.६२२५ × ०.२८५७ = ०.१६८१. बेरीज ०.४२४२. कोष्टकात पाहिले तर हा ६४.९ अंशांचा कोसाइन आहे. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरून अंतर येते ७,२१७ किलोमीटर. दोऱ्याने दिलेले उत्तर ७,२१५ होते. एवढे जुळणे हा थोडा योगायोग समजावा, कारण दोऱ्याच्या मापात शे-दीडशे किलोमीटरची चूक सहज होते. पण पद्धत भरवशाची आहे एवढे नक्की. सूत्राविषयी शंका वाटली तर दोन्ही गावे एकाच रेखावृत्तावर आहेत असे धरावे. मग रेखांशांतील फरक शून्य, त्याचा कोसाइन एक, आणि सूत्र आपोआप अक्षांशांच्या वजाबाकीचा कोसाइन देते. असेच व्हायला हवे.

एखादे चौकस मूल विचारते, की विमान जमिनीवरून थोडेच जाते, ते अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, मग अंतर वाढणार नाही का? वाढते, पण किती? पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. तिच्यात ११ मिळवले तर वाढ पाऊण टक्काही नाही, ०.१७ टक्के. सव्वासात हजार किलोमीटरमागे बारा-साडेबारा किलोमीटर. विमान ते एका मिनिटाच्या आत कापते.

सोपा भागाकार आणि त्याचे चुकणे

आता वेळ. आजची मोठी प्रवासी विमाने तासाला सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. ७,२०० भागिले ९०० म्हणजे आठ तास. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला थेट विमानाला साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात आणि लंडनहून मुंबईला साधारण नऊ. म्हणजे आपल्या उत्तरात दोन दोष आहेत. एक तर ते कमी आहे, आणि दुसरे, ते जाण्याला आणि येण्याला सारखेच आहे.

उत्तर कमी येण्याची कारणे सरळ आहेत. विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाते, चढताना आणि उतरताना त्याचा वेग कमी असतो, उतरण्यापूर्वी कधी रांगेत घिरट्या घालाव्या लागतात. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. शिवाय विमान बृहद्वृत्तावरून तंतोतंत जात नाही. आकाशातही ठरलेले मार्ग असतात, आणि ते किती वळणे घेतात हे पुढे येईलच. या दहा तासांना कोणी नाके मुरडू नयेत म्हणून सांगतो : ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघाले, त्यात जे. आर. डी. टाटा स्वतः होते. कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत त्याला सुमारे एक अख्खा दिवस लागला होता.

जाण्या-येण्यातील फरकाचे कारण वारा. हे गणित आपण सर्वांनी नाव आणि प्रवाह म्हणून केलेले आहे. विमानाचा ९०० किलोमीटर हा वेग हवेच्या तुलनेत असतो. जमिनीच्या तुलनेत तो किती, हे हवा स्वतः कुठे चालली आहे यावर ठरते. समजा वाटेत सरासरी १०० किलोमीटर वेगाचा पश्चिमेकडून वारा आहे. जाताना जमिनीवरचा वेग ८००, वेळ ९ तास. येताना १,०००, वेळ ७.२ तास. दोन्ही मिळून १६.२ तास. वारा नसता तर १६ तास लागले असते. जाताना जे गमावले ते येताना भरून निघते, हा समज किती खोटा आहे ते इथे दिसते. कारण विरोधी वाऱ्यात विमान जास्त वेळ असते आणि अनुकूल वाऱ्यात कमी वेळ. वाऱ्याचा वेग २०० धरून हेच गणित मुलांना करू द्यावे. तोटा दुप्पट होत नाही, चौपटीहून थोडा अधिक होतो, हे त्यांचे त्यांनाच सापडेल.

हा वारा पश्चिमेकडूनच का येतो? विषुववृत्तावरची जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे तासाला सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने जात असते, आणि तिथली हवाही तिच्याबरोबर. तीस अंशांवरची जमीन तासाला सुमारे १,४५० किलोमीटर वेगाने जाते. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवाकडे सरकते, तेव्हा आपला पूर्वेकडचा वेग बरोबर घेऊन जाते आणि खालच्या जमिनीच्या पुढे धावू लागते. जमिनीवरच्या माणसाला तो पश्चिमेकडून आलेला वारा वाटतो. उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, या वाऱ्याचे अरुंद वेगवान पट्टे तयार होतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात असा एक पट्टा उत्तर भारतावरूनच जातो. जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगभर वाचले जावे म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, आणि बहुधा म्हणूनच तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना हे वारे नव्याने ‘सापडले’.

पृथ्वीच्या फिरण्याचा विषय निघाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान मुंबईवर नुसते वर जाऊन थांबले तर काही तासांनी लंडन आपोआप खाली येणार नाही का? येणार नाही. एक तर लंडन मुंबईच्या अक्षवृत्तावर नाही. पण खरे कारण असे, की मुंबईची जमीन, तिच्यावरची हवा आणि धावपट्टीवर उभे असलेले विमान हे तिघेही आधीपासूनच तासाला सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललेले असतात. विमान वर उठले म्हणून हा वेग नाहीसा होत नाही. धावत्या एस.टी.त हवेत उडवलेले नाणे परत आपल्याच हातात पडते, तसेच हे आहे.

वाऱ्याची ताकद पाहायची तर अटलांटिकवर पाहावी. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘सियारा’ वादळाच्या वेळी एक जंबो विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग एका वेळी तासाला १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्या उंचीवरच्या थंड हवेत ध्वनीचा वेग तासाला सुमारे १,०६० किलोमीटर असतो. मग विमानाने ध्वनीला मागे टाकले का? हा प्रश्न फळ्यावर लिहून उत्तर न देता तास संपवावा. दुसऱ्या दिवशी बरेच विद्यार्थी ‘नाही, कारण हवाही त्याच्याबरोबरच जात होती’ हे उत्तर घेऊन येतात.

घड्याळाचा घोटाळा

वेळापत्रकात निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची छापलेली असते. समजा हिवाळ्यात एक विमान मुंबईहून दुपारी १ वाजता निघाले आणि दहा तासांनी लंडनला उतरले. मुंबईत तेव्हा रात्रीचे ११ वाजलेले असतील. लंडन साडेपाच तास मागे, म्हणून तिथले घड्याळ संध्याकाळचे साडेपाच दाखवील. नुसती वजाबाकी करणाऱ्याला प्रवास साडेचार तासांचा वाटेल. परतीचे विमान लंडनहून सकाळी १० वाजता निघाले आणि नऊ तासांनी पोचले, तर मुंबईत मध्यरात्रीनंतरचे साडेबारा वाजलेले असतील. वजाबाकी म्हणेल साडेचौदा तास. साडेचार आणि साडेचौदा ही दोन्ही उत्तरे चूक आहेत, पण त्यांची बेरीज बरोबर आहे! ती १९ तास येते, आणि दहा अधिक नऊ म्हणजेही १९. घड्याळांतला फरक एकदा वजा होतो आणि एकदा मिळतो, म्हणून बेरजेतून तो निघून जातो. त्यामुळे कोणत्याही दोन शहरांचे जाण्या-येण्याचे वेळापत्रक मिळाले, की दोन्ही शहरांच्या घड्याळांतला फरक ठाऊक नसतानाही प्रवासाची सरासरी वेळ काढता येते. उन्हाळ्यात लंडनची घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा होतो, पण बेरीज तीच राहते. बीजगणितातील दोन चलांची समीकरणे शिकवताना याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

बंद आकाश

सुरुवातीला ताणलेला दोरा पुन्हा पाहू. तो पाकिस्तान, इराण आणि युक्रेनवरून गेला होता. भूमितीने काढलेली ही वाट आहे, आणि आकाशालाही मालक असतात हे भूमितीला ठाऊक नसते. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला जाणारे मलेशिया एअरलाइन्सचे एमएच-१७ हे विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले. २९८ जण गेले. त्या भागातले ३२,००० फुटांखालचे आकाश तेव्हा बंद होते. विमान ३३,००० फुटांवर होते, म्हणजे नियमाने खुल्या असलेल्या आकाशात. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युद्धामुळे युक्रेनचे संपूर्ण आकाश नागरी विमानांना बंद झाले. जून २०२५ मध्ये इराणचे आकाशही काही दिवस बंद होते.

पाकिस्तानने आपले आकाश २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बंद केले ते १६ जुलैला उघडले. या काळात दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना आधी दक्षिणेला गुजरातकडे उतरून, अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. दिल्लीहून इस्तंबूलला थेट जाणाऱ्या लहान विमानाला तेवढा पल्ला झेपेना, म्हणून ते दोहाला इंधन भरण्यासाठी थांबू लागले. एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांवर ही बंदी पुन्हा आली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढत गेली. मुंबई समुद्रकाठी असल्यामुळे तिला दिल्लीइतका वळसा पडत नाही.

वळशाचा खर्च फक्त वेळेत मोजून चालत नाही. ड्रीमलायनरसारखे मोठे विमान तासाला साधारण पाच टनांच्या आसपास इंधन जाळते. एक तासाचा वळसा म्हणजे निघताना पाच टन जास्त भरायचे असे वाटते, पण तेवढ्याने भागत नाही. ते पाच टन सारा रस्ता वाहून न्यायलाही इंधन लागते. विमान आपली कमाल वजनमर्यादा गाठत असेल, तर मग माल किंवा माणसे कमी करावी लागतात.

आणि कधी उलटेही घडते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे बृहद्वृत्तावरचे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. ती वाट हिमालय, चीन, सायबेरिया आणि आर्क्टिकवरून जाते. एअर इंडियाची विमाने तिथून न जाता युरोप आणि अटलांटिकवरून जात. तो रस्ता सुमारे १३,९०० किलोमीटरचा, आणि जवळजवळ सगळा वाऱ्याच्या विरुद्ध. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने विमान उलट्या बाजूने, पूर्वेला पॅसिफिकवरून नेले. हा रस्ता सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटरने लांब. पण वारा पाठीशी होता. विमान साडेचौदा तासांत पोचले, आधीच्यापेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. मुलांना फक्त हे चार आकडे द्यावेत आणि दोन्ही मार्गांवरचा जमिनीच्या तुलनेतला सरासरी वेग काढायला सांगावे. एक ९०० च्या खाली येतो, दुसरा १,०५० च्या वर.